चमच्याच्या पाठीवरचा सिंह

गेल्या अंकात इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावरच्या जुन्या चांदीबद्दल थोडं लिहिलं होतं. त्यावर खानापूर, निपाणी, गोकाक आणि खुद्द बेळगावातून पत्रं आली. त्यातली काही निवडून उत्तरं देते. ज्यांनी वस्तूंचं वर्णन नीट केलंय त्यांना जास्त सांगता आलं, हे उघड आहे. बाकीच्यांनी भिंग घेऊन पुन्हा एकदा बघावं आणि मग लिहावं.

अक्का, माझे पणजोबा बेळगाव कॅम्पात एका गोऱ्या साहेबाकडे बटलर होते. साहेब विलायतेला परतताना सहा मोठे चमचे देऊन गेला, असं घरात सांगतात. मुलीचं लग्न ठरलंय, म्हणून ते मोडायचा विचार आहे. सराफानं वजन करून मोडीचा भाव सांगितला. प्रत्येक चमच्याच्या मागे पाच बारीक छाप आहेत : चालणारा प्राणी, एका प्राण्याचं नुसतं तोंड, इंग्रजी डी, बाईचा चेहरा आणि दोन अक्षरं. दांड्यावर पक्ष्याचं डोकं कोरलंय. मोडू का? — एक वाचक, खानापूर

मोडू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत चमचे घराबाहेर काढू नका.

तुम्ही छाप इतके नीट पाहिलेत की चमचे हातात न घेताही बरंच सांगता येतं. चालणारा प्राणी म्हणजे सिंह, एक पुढचा पाय उचललेला. १५४४ पासून इंग्लंडात हा छाप चांदीवर मारतात. हजार भागांत ९२५ भाग चांदी, अशी त्याची हमी. नुसतं तोंड आहे ते बिबळ्याचं, आणि तो लंडनच्या तपासणी कचेरीचा छाप. त्याच्या डोक्यावर मुकुट आहे का बघा. १८२१ पर्यंत मुकुट असायचा, पुढे काढून टाकला. बाईचा चेहरा राणी व्हिक्टोरियाचा. तो शोभेसाठी नाही. १७८४ ते १८९० या काळात चांदीच्या वस्तूवर सरकारी कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाचा किंवा राणीचा चेहरा उमटवायचे. दोन अक्षरं कारागिराची किंवा त्याच्या पेढीची.

आता राहिला तुमचा डी. मला सगळ्यात गोडी वाटते ती या अक्षराची. लंडनच्या कचेरीत दरवर्षी मे महिन्यात अक्षर बदलायचं. ए पासून यू पर्यंत, मधलं जे गाळून, वीस अक्षरं वीस वर्षांत संपायची आणि मग नव्या वळणाची अक्षरं घेऊन पुन्हा ए. साध्या, ताठ खांबाच्या मोठ्या अक्षरांची माळ १८७६ ला सुरू झाली. म्हणजे तुमचा डी तसाच असेल तर चमचे मे १८७९ ते मे १८८० च्या दरम्यान लंडनच्या कचेरीत तपासून छापले गेले. डी जाड, काळ्या गॉथिक वळणाचा असेल तर ते आणखी वीस किंवा चाळीस वर्षं जुने. लहान लिपीतला १८५९ चा, मोठ्या लिपीतला १८३९ चा. आपल्या घरातली किती भांडी अशी जन्मसाल अंगावर घेऊन येतात?

सराफानं फसवलं असं मी म्हणत नाही. पेढीवर तराजू असतो, तिथे वजनालाच भाव. माझे वडील शहापुरात चांदीकाम करायचे, त्यामुळे पेढीमागची बाजूही मी पाहिली आहे. पण एक गोष्ट तुम्ही ठामपणे सांगू शकता. सिंहाचा छाप असलेल्या वस्तूत चांदी किती आहे याचा अंदाज बांधायला नको. सहा चमचे चारशे ग्रॅम भरले तर त्यात तीनशे सत्तर ग्रॅम चोख चांदी आहे. कुणी ‘जुना माल आहे, मिसळ असणार’ म्हणून ऐंशी टक्के धरू लागला तर मान्य करू नका. आटणीची घट वेगळी, ती रास्त असेल तेवढी द्यावी लागते.

आता पैशाचं खरं बोलायचं तर व्हिक्टोरिया राणीच्या काळात असे चमचे खूप घडले. शौकीन माणूस वजनाच्या भावाच्या वर थोडं जास्त देईल, छाप स्वच्छ असतील आणि सहाही एकाच हातचे, एकाच वर्षाचे असतील तर आणखी जास्त. फार मोठ्या रकमेची आशा धरू नका. तरीही मी मोडू नका म्हणते, कारण आटणीत गेलेली चांदी पैंजण होऊन परत येईल, पण पणजोबा, कॅम्प आणि १८७९ साल यातलं काही परत येणार नाही. मुलीला त्यातले दोन चमचे द्या, सोबत एका कागदावर ही हकीकत लिहून द्या. पणजोबांचं नाव त्यात पहिलं लिहा.

दांड्यावरचं पक्ष्याचं डोकं म्हणजे मूळ मालकाच्या घराण्याचं चिन्ह. ‘परक्याचं नाव कशाला’ म्हणून कानस मारून ते घालवू नका. तिथली चांदी पातळ होते आणि वस्तूची किंमतही उतरते.

ऑनलाइन एक टीपॉट घेतला. ‘अँटिक सिल्व्हर’ लिहिलं होतं. बुडाला छोट्या चौकटींत ई, पी, एन, एस अशी अक्षरं आहेत. सिंह कुठेच नाही. — निपाणी

तो चांदीचा नाही. ती चार अक्षरं म्हणजे आत निकेल सिल्व्हर आणि वरून विजेनं चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर मध्यमवर्गाच्या टेबलावरही चांदीसारखी भांडी आली. चौकटीतली अक्षरं मुद्दाम हॉलमार्कसारखी दिसावीत अशी मांडलेली असतात, त्यामुळे पुष्कळ जण फसतात. विकणाऱ्यानं ‘चांदी’ म्हणून पैसे घेतले असतील तर परत मागा. नाहीतर त्यात खुशाल चहा करा, भांडं त्यासाठीच आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. मुलामा दिलेली प्रत्येक जुनी वस्तू कमअस्सल नसते. विजेच्या मुलाम्याच्या शंभर वर्षं आधी, १७४३ च्या सुमारास, शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरला तांब्याच्या पाटावर चांदीचा पत्रा तापवून कायमचा चिकटवता येतो हे सापडलं. त्या पत्र्यातून घडवलेल्या वस्तूंना आज चांगली मागणी आहे. काठाला, उंचवट्यांवर झीज होऊन आतलं तांबं गुलाबीसर डोकावतं, ती त्याची ओळख. तसं दिसलं तर ‘पुन्हा मुलामा देऊन चकचकीत करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती ते देऊ नका. नवा मुलामा चढला की जुनं काम झाकलं जातं.

सासूबाई चांदीची भांडी चिंच आणि रांगोळीनं घासतात. घरात एक जुना इंग्रजी दुधाचा जग, मिठाची दोन छोटी भांडी आणि चांदीच्या मुठीच्या सुऱ्या आहेत. मला घासायची भीती वाटते, पण त्यांना कसं सांगू? — एक सून, शहापूर

सासूबाईंना हे पान वाचायला द्या. माझं नाव सांगा, राग आला तर माझ्यावर येऊ दे.

रांगोळी म्हणजे दळलेला दगड. त्यानं देवाची निरांजनं लखलखतात, कारण दर खेपेला वरचा एक थर निघून जातो. निरांजनाला ते चालून जातं. पण जगाच्या बुडाचा सिंह केवढा असतो? ज्वारीच्या दाण्याएवढा. अशीच घासलेली एक क्रीमची लोटी माझ्याकडे तपासायला आली होती. भिंग लावलं तर सिंहाच्या पाठीची नुसती कमान उरलेली, पाय नाहीत, आयाळ नाही. वर्षाचं अक्षर सी होतं की जी, ते सांगता येईना. बोटानं चाचपलं तर बुडाच्या चौथऱ्याची कड लोण्यासारखी गुळगुळीत. वस्तू चांदीचीच, पण तिचं साल कायमचं गेलं. टूथपेस्टनंही हेच होतं, फक्त सावकाश.

मग करायचं काय? चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, मळामुळे नाही, त्यामुळे जोरानं घासण्याची गरजच नसते. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, मऊ सुती कापड आणि लगेच कोरडं पुसणं, एवढं बहुतेक वेळा पुरतं. वर्षातून एकदा-दोनदा चांदीसाठीचं चांगलं पॉलिश कापसानं लावा, पण छापांवरून बोट वळवून न्या. नक्षीच्या खोबणीतला काळपटपणा काढू नका. तो असला की नक्षी उठून दिसते, सगळं पांढरं झालं की काम सपाट वाटतं.

अॅल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी, हा व्हिडिओतला उपाय खोटा नाही. काळं पडलेलं गंधक चांदी सोडून अॅल्युमिनियमकडे जातं. पण त्यानं खोबणीतला तोच काळपटपणा धुऊन जातो. आणि तुमच्या सुऱ्यांना तर तो अजिबात करू नका. त्या मुठी भरीव नसतात. चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून आत राळ भरलेली असते आणि पातं त्या राळेत बसवलेलं. गरम पाण्यात राळ सैल होते, पातं डुगडुगायला लागतं आणि मूठ फुगून सांध्यात उलते. सुरी फक्त पुसायची, बुडवायची नाही.

मिठाच्या भांड्यांचं तर मी हात जोडून सांगते. मीठ चांदीला खातं. रात्रभर मीठ राहिलं की काळे-हिरवे ठिपके पडतात, ते पुढे खड्डे होतात आणि खड्डा कुठल्याही पॉलिशनं बुजत नाही. म्हणून तर इंग्रज अशा भांड्यांना आतून सोन्याचा मुलामा देत किंवा निळ्या काचेची वाटी बसवत. तुमची निळी काच फुटली असेल, बहुतेक घरांत ती फुटलेलीच असते. तर मीठ छोट्या काचवाटीत घालून ती आत ठेवा आणि जेवण झालं की रिकामी करा. अंड्यातलं गंधक चांदी लगेच काळवंडवतं, म्हणून अंड्याच्या चमच्यालाही सोन्याचा मुलामा असे. आपल्या कांदा-लसूण मसाल्यातही गंधक असतंच. डबा आणि चांदी एका फळीवर नको.

बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनपासून भिंतींना ओल धरते. त्या चार महिन्यांत चांदी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड तर कधीच लावू नका, रबरातल्या गंधकाची काळी रेघ चांदीवर उमटते. लोकरी कापडातही गंधक असतं. जुन्या मलमलच्या धुतलेल्या तुकड्यांत प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. आणि शक्य असेल तर वापरा. रोज हाताळून धुतलेली चांदी सगळ्यात कमी काळी पडते.

एक राहिलं. जगाचा कान निखळला तर जवळच्या दुकानात कथलाचा डाग देऊन घेऊ नका. कथील-शिशाचा डाग चांदीच्या अंगात उतरतो आणि पुढे चांदीच्या झाळेसाठी भांडं तापवलं की तिथे भोक पडतं. हुपरीला किंवा इथे शहापुरात चांदीच्याच झाळेनं जोडून देणारे कारागीर आहेत. काम देण्याआधी ‘झाळ कशाची?’ हे विचारा. उत्तर देताना जो चाचरेल त्याच्याकडून उठून या.

माझ्याकडच्या चमच्यावर सिंह नाही, पण हत्ती आहे आणि हॅमिल्टन असं नाव. खोटा आहे का? — कॅम्प, बेळगाव

खोटा नाही. हॅमिल्टन आणि कंपनी ही कलकत्त्याची पेढी, १८०८ ची. मद्रासला पी. ऑर होते. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, मागोमाग छावणी आली, आणि अशा ठिकठिकाणच्या छावण्यांतल्या साहेबांना लागणारी चांदी सगळीच विलायतेहून येत नसे, इथेही घडत होती. हिंदुस्थानात इंग्लंडसारखी तपासणी कचेरी नव्हती. म्हणून या पेढ्या आपलं नाव, एखादं अक्षर, एखादा प्राणी असे छाप स्वतःच मारायच्या. हमी पेढीच्या नावाची. ही चांदी आता आवर्जून गोळा केली जाते आणि मला ती विलायती चांदीपेक्षा जवळची वाटते, कारण घडवणारे हात बहुधा आपले.

चोखपणा बघायचा असेल तर कसोटीवर घासू नका. हॉलमार्किंग केंद्रात एक्स-रेच्या यंत्रावर न कापता, न घासता आकडा मिळतो. यंत्र वरवरचाच थर बघतं, एवढं ध्यानात ठेवा. मुलाम्याच्या वस्तूवर ते चांदीच दाखवेल.

गोव्याकडून आलेल्या एका डबीबद्दलही याच वाचकानं विचारलंय. तिच्यावर गरुडाचं डोकं आणि ८३३ हा आकडा असेल तर ती पोर्तुगालची, १९३८ किंवा त्यानंतरची.

भाचा लंडनला असतो. घरातला जुना इंग्रजी चांदीचा चहाचा संच त्याला कुरिअरनं पाठवावा म्हणतो, ‘तिथलाच माल तिथे’. — गोकाक

पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मूळ विलायतेचा माल आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. संच शंभर वर्षांच्या आतला असेल तरी तसं प्रमाणपत्र जवळ असलेलं बरं. पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय धारवाडला आहे, फोटो आणि छापांचं वर्णन घेऊन तिथे आधी विचारा. छाप वाचून साल निघतं, हे तिथेही उपयोगी पडेल. आणि पुरावस्तूंचा व्यापार करायलाही परवाना लागतो. तेव्हा कुणी एजंट ‘मी बघतो सगळं’ म्हणाला तर आधी परवाना दाखव म्हणा.

मी चिकोडीला शिकवते. एखाद्या बऱ्या साडीचे पैसे बाजूला काढून दर वर्षी एक वस्तू घ्यावी असं मनात आहे. कुठून सुरुवात करू? खोटा माल कसा ओळखायचा? — चिकोडी

लहान वस्तूंपासून. मोहरीचा चमचा, चहापत्तीचा आखूड चमचा, साखरेचा चिमटा. अशा वस्तूंवर कारागिरानं जीव ओतलेला असतो आणि त्या खिशाला झेपतात. गावांचे छाप पाठ करा : लंडनचा बिबळ्या, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा मुकुट. बर्मिंगहॅम आणि शेफील्ड ही दोन गावं १७७३ मध्ये तपासणी कचेरी मिळवून बसली. शेफील्डनं १९७५ पासून मुकुट सोडून गुलाब घेतला. एडिंबरोचा किल्ला. चेस्टरच्या ढालीवर गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार, आणि ती कचेरी १९६२ ला बंद झाली, त्यामुळे त्यापुढचा चेस्टरचा माल कुणी दाखवला तर तिथेच थांबा.

कारागिरांत एक नाव तुम्हाला मुद्दाम सांगते : हेस्टर बेटमन. नवरा १७६० मध्ये गेला. पुढच्याच वर्षी या बाईनं लंडनमध्ये स्वतःच्या नावाचा छाप नोंदवला, वळणदार एच आणि बी, आणि १७९० पर्यंत मुलांना, कारागिरांना हाताशी धरून कारखाना चालवला. तिच्या कामाचा हलकेपणा, काठाची बारीक मण्यांची ओळ, मला फार आवडते. आमच्या घरी वडिलांच्या शेगडीशेजारी बसून भाता मारणारी माझी आईच होती, पण पेढीवर नाव कधी तिचं लागलं नाही. म्हणून हेस्टरचा छाप भिंगातून दिसला की मी जरा जास्त वेळ बघत राहते. पण तिच्या नावाला किंमत आहे म्हणून तिचे खोटे छापही निघाले. नाव बघून भुलू नका, बाकीचे छाप त्या नावाच्या काळाशी जुळतात का ते बघा. एच.बी. आणि व्हिक्टोरियाचा चेहरा एकत्र दिसला तर कुठेतरी गडबड आहे.

खोटेपणाचे दोन प्रकार जास्त भेटतात. एक, लहान चमच्याचे खरे छाप कापून मोठ्या भांड्याच्या बुडात बसवायचे. यासाठी भांडं तोंडाजवळ घ्या आणि त्यावर ‘हाऽ’ असा ऊबदार श्वास सोडा. वाफ धरली की छापांभोवती झाळेची रेघ क्षणभर वेगळी उमटते. पुसलेलं कोरीव नाव, जुनी दुरुस्तीही अशीच दिसते. दुसरा, जुन्या साध्या चमच्यावर पुढच्या काळात फळंफुलं ठोकून काढायची. पाठीवरचे छाप १७८० चे आणि खोलग्यात द्राक्षांचे घोस, असं दिसलं तर घोस बहुतेक शंभर वर्षांनी आलेले. ते फसवणुकीसाठीच असतात असं नाही, व्हिक्टोरियाच्या काळात ती आवड होती. तरी मूळ साध्या चमच्याचा भाव देऊ नका.

पहिली वस्तू म्हणून साखरेचा चिमटाच घ्या असं मी म्हणेन. छाप दोन्ही पायांच्या आतल्या बाजूला असतात. दोन्हीकडचे एकमेकांशी जुळतात ना, ते बघा. मग वरची कमान उजेडाकडे धरा. साखरेचा खडा दाबताना सगळा जोर तिथेच येतो, त्यामुळे चिमटे तिथेच मोडतात आणि तिथेच झाळतात. कमानीच्या आतल्या बाजूला करड्या रंगाची आडवी रेघ असेल किंवा एका जागी चांदी फुगलेली वाटली, तर किंमत निम्म्यावर आणा, नाहीतर परत ठेवा. कमान स्वच्छ असेल तर दोन्ही पाय हलकेच जवळ आणा आणि सोडा. चांगला चिमटा ताबडतोब आपल्या जागी परत जातो.